वाट क्रमांक चार

"अंतर अडीच मैल. लहान मुलांना झेपेल.
बाबागाडी नको. कुत्र्याला दोरी हवी."
नेदर ऑडलीच्या सभागृहाबाहेर, काचेआड,
हा कागद लेनर्डनं टाइप करून लावला
त्याला एकवीस वर्षं झाली.
दर एप्रिलला तो हातात धरून चालायचं
आणि खोटं ठरलेलं तेवढं खोडायचं,
हे काम आता माझ्याकडे.

यंदा सोबत नातवंडं. टॅम्सिन, वय नऊ, तिच्याकडे नकाशा.
रूफस, वय पाच, त्याच्याकडे डबा.
आणि ब्रॅकन, जिच्याकडे
कुत्री असण्यापलीकडे काहीच जबाबदारी नाही.

चर्चमागचं फाटक एका वेळी एकालाच सोडतं.
पुढे गेलेल्यानं वळून मागच्याचा मुका घ्यायचा, अशी रीत.
रूफस म्हणाला, मी कुंपणाखालून येतो.
आला. चिखलासकट.

मग पाणंद. दोन्हीकडे हॉथॉर्नच्या भिंती,
इतकी खोल की वरून ट्रॅक्टर गेला
तर फक्त आवाज जातो, ट्रॅक्टर नाही.
टॅम्सिनच्या पोटरीला नेटल चाटून गेलं
आणि शेजारीच डॉकचं रुंद पान.
चोळ, म्हटलं. दुखणं आणि औषध
या गावात एकाच बांधावर राहतात,
बोलत मात्र नसावेत एकमेकांशी.

ऑलरिजच्या कुरणात मेंढरं व्यालेली.
आईच्या पाठीवर निळ्या रंगात सतरा,
दोन्ही कोकरांच्या पाठीवर सतरा.
रूफसनं बराच वेळ बघितलं.
"आपला नंबर काय?"
घरी गेल्यावर सांगते, म्हटलं.
घरी गेल्यावर तो विसरेल असं वाटलं होतं.

"मोठ्या अ‍ॅशपाशी डावीकडे वळा. घाई करू नका."

झाड नव्हतं.

गावभर अ‍ॅशना रोग लागलाय, मला ठाऊक होतं.
फेब्रुवारीत वाऱ्यावर करवत ऐकली होती
कपडे वाळत घालताना.
त्या आवाजाला हे झाड जोडायचं
मला सुचलं नव्हतं.
माळावर आता आभाळच आभाळ,
आणि आभाळाला डावी बाजू नसते.

मी कागद उलटा केला, सुलटा केला.
टॅम्सिननं नकाशा फिरवला, मग स्वतः फिरली.
रूफस बुंध्यावर बसला, डबा उघडला,
एका हातात जॅमचं सँडविच, दुसऱ्या हाताच्या बोटानं
वर्षं मोजू लागला आतून बाहेर.
त्रेचाळीसला ब्रॅकननं सँडविच पळवलं.
"शंभर," रूफसनं हिशेब मिटवला.

मी उभीच होते.
घाई करू नका, हे त्यानं कुणासाठी लिहिलं होतं?
अडीच मैलांत एवढी एकच ओळ
वाटेबद्दल नाही.

"श्शू," टॅम्सिन म्हणाली. "ओढा."
खरंच, डाव्या हाताला, खाली कुठेतरी
दगडावरून पाणी चाललं होतं,
एकवीस वर्षं चालत असणार. कागदात त्याचा उल्लेख नाही.
झाड एवढं मोठं असताना
कान कशाला कुणी वापरेल.

पबमध्ये बूट दाराशी, चिप्स तिघांत एक,
टेबलाखाली ब्रॅकनची ओली वाफ.
मी पेन्सिल काढली. "बुंध्यापाशी डावीकडे"?
तीन वर्षांत काटेरी झुडूप तो गिळेल.
"जिथे ओढा ऐकू येतो"?
ऑगस्टमध्ये तो गप्प असतो.
रूफस चिप्स चावत म्हणाला,
"लिही, जिथे सँडविच संपतं तिथे."

लिहिलं.
लोकांची सँडविचं वेगवेगळी, मला कळतं.
चुकतील थोडे. ऑलरिज ओरडेल.
पण वर्षभर तरी राहू दे ते काचेआड,
आणि त्याच्या खाली, न खोडता,
घाई करू नका.

रात्री दिवा घालवताना पांघरुणातून आवाज आला:
"आजी, नंबर."